खंडाळ्याची मेनका : कथक शिकवणाऱ्या ताईंना खुले पत्र

ताई,

स.न.वि.वि.

हे पत्र कुणा एकीला नाही. वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, शाळा सुटल्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या वर्गखोलीत, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात, कोल्हापुरात संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हाताने टाळी धरून पोरींचा तत्कार, म्हणजे पायांचे बोल, घोटून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. तुमच्यात सर आहेत, दादा आहेत, एखाद्या ठिकाणी पंडितजीही आहेत. पण वर्गात हाक ‘ताई’ अशीच ऐकू येते, म्हणून मीही तीच मारते. रागावू नका.

माझी ओळख सांगण्यासारखी नाही. आठ वर्षं कथक शिकले, ‘मध्यमा पूर्ण’ या परीक्षेपर्यंत गेले, मग बारावी आली आणि घुंगरू माळ्यावर गेले ते गेलेच. आता भाची शिकते. तिला सोडायला-आणायला मी असते, त्यामुळे दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगाशेजारी बसून आठवड्यातून दोनदा माझाही रियाज होतो. नुसत्या कानांनी.

गेल्या गुरुपौर्णिमेला भाचीच्या वर्गाचा कार्यक्रम होता. चिमुरड्यांचा तत्कार झाला. मधल्या बॅचने ठाट, आमद, तोडे केले. तबल्यावरच्या काकांनी दोनदा लय अलगद सावरून घेतली, ती ज्यांना कळली त्यांना कळली. शेवटी मोठ्या बारा मुलींचं समूहनृत्य. ताईंनी सुरेख बसवलं होतं. चक्रदार संपताना बाराच्या बारा समेवर आल्या आणि बारा घेर एकदम खाली बसले. टाळ्या पडल्या. मग निवेदिका म्हणाली, “कथक हे मुळात एकट्याने करायचं नृत्य. असं समूहाने, कथा गुंफून सादर करणं ही आपल्या पिढीची देणगी आहे.” पुन्हा टाळ्या. मी उठून काही बोलले नाही. दुसऱ्याच्या कार्यक्रमात विद्यार्थिनीच्या मावशीने उठून बोलायचं नसतं. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच, म्हणून हे पत्र.

आपल्या पिढीची कसली, ताई? आपल्या आज्या परकर नेसत होत्या तेव्हा एका बाईने ते करून ठेवलं होतं. मुंबईत राहून केलं, पुढे खंडाळ्याला शाळा काढली. मॅडम मेनका.

नाव तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे. मलाही माहीत होतं. माझ्या थिअरीच्या वहीत ‘जीवनचरित्रे’ या मथळ्याखाली बिंदादीन महाराज आणि शंभू महाराज यांच्या मधोमध साडेचार ओळी होत्या. मॅडम मेनका, खरे नाव लीला सोखी, जन्म १८९९, बर्लिन येथे पारितोषिक, खंडाळा येथे नृत्यालयम्, मृत्यू १९४७. तेव्हा आम्ही सुट्टीत मामाकडे मुंबईला जायचो, आणि खंडाळा म्हणजे बोगदे, माकडं आणि शेजारच्या स्टेशनातली चिक्की. तिथे कथकची शाळा? मी विचारलं, “ताई, खंडाळ्यात कशी काय?” आमच्या तेव्हाच्या ताई म्हणाल्या, “लिहून घे, पाच मार्कांना येतं.” त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि आमचं धमार तालातलं पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, अजून कच्चं होतं. पण त्या पाच मार्कांच्या आत कोण बाई बसली आहे हे कळायला मला पुढची पंचवीस वर्षं लागली.

लीला राय, १५ ऑक्टोबर १८९९, पूर्व बंगालातलं बारिसाल. सुखवस्तू, विलायती वळणाचं घर. लग्न झालं डॉक्टर साहिबसिंग सोखे यांच्याशी. हे सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले अधिकारी, पुढे १९३२ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक. प्लेगची लस, सापाच्या विषावरचं औषध, तीच ती हाफकिन. पुढे जागतिक आरोग्य संघटनेतही ते मोठ्या पदावर होते. अशा घरची सून. मी तिला ‘ती’ म्हणतेय, त्याचा राग मानू नका. ज्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांवर जीव असतो त्यांना मराठीत आपण एकेरीतच बोलावतो.

तर ही लीलाबाई कथक शिकायला बसली ती लग्नानंतर. हे वाक्य जरा थांबून वाचा. तुमच्याकडे दुपारी तीनची एक बॅच असते बघा, गृहिणींची, जिच्याबद्दल तुम्ही प्रेमाने आणि थोडं हसून बोलता. गुडघे कुरकुरतात, चक्कर घेताना भिंत धरावी लागते, ‘आता काय वयात येणार हे’ असं त्या स्वतःच म्हणतात. मेनका त्या बॅचची होती. सात वर्षांची असताना घुंगरू बांधलेली, घराण्यात जन्मलेली वगैरे काही नाही. मोठ्या वयात शिकून ती कुठवर गेली हे त्या दुपारच्या बॅचला कुणी सांगितलंय का?

शिकली मात्र चोख. आधी पंडित सीताराम प्रसाद, मग लखनौचे अच्छन महाराज आणि लच्छू महाराज. म्हणजे लखनौ घराण्याच्या कालका-बिंदादीन या भावांचं थेट घर. तिच्या चरित्रात ॲना पाव्हलोव्हा येतेच. मुंबईत दोघींची गाठ पडली आणि त्या रशियन नर्तिकेने हिला आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला प्रोत्साहन दिलं. उदयशंकरांच्या गोष्टीतही पाव्हलोव्हा आहे, भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेलांच्या गोष्टीतही आहे. खोटं नाही ते, पण मला दर वेळी थोडी चीड येते. आपल्या अंगणातल्या तुळशीला पाणी घाल हे सांगायला सेंट पीटर्सबर्गहून पाहुणी यावी लागते! असो. पाहुणी सांगून गेली. रियाज हिनेच केला.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. मुंबई-पुण्याच्या मराठी रंगभूमीवर शालूचा पदर बालगंधर्व सावरत होते, कारण घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही हा नियम होता. उत्तरेत कथक होतं ते दोन ठिकाणी. कथकांच्या घराण्यांत, म्हणजे पुरुषांकडे, आणि तवायफांच्या कोठ्यांवर. बिंदादीन महाराजांनी रचलेल्या ठुमऱ्या गायल्या कुणी, त्यांवर बसून भाव केला कुणी? या बायांनीच. ‘नॉच’ या शब्दाला त्या दिवसांत जो वास होता तो आपल्याकडच्या ‘नाचीण’ या शब्दाला अजून आहे. अशा वेळी सरकारी अधिकाऱ्याची, डॉक्टरची बायको नाचायला उभी राहते आणि स्वतःला नाव काय घेते, तर मेनका! सीता नाही, राधा नाही. ऋषीची तपश्चर्या मोडणारी अप्सरा. पुढे ‘मॅडम’ लावून तिने त्या नावाला थोडी इस्त्री केली हे खरं, पण नाव निवडताना तिला हसू आलं असणार असं मला आपलं उगाच वाटतं. (आमच्या घरात अनेक वर्षं ‘मेनका’ म्हणजे आई उशीखाली ठेवायची ते मासिक. त्यामुळे वहीतल्या मॅडम मेनकाही मला आधी संपादिकाच वाटल्या होत्या.)

तिने नेमकं केलं काय, हे मात्र तुम्हीच पोरींना समजावू शकता, मी नाही. तरी मला जेवढं दिसतं तेवढं लिहिते.

जुन्या मैफिलीत नाचणारी आणि बघणारा यांच्यात चार हातांचं अंतर. बैठक मारून भाव करताना भुवईचा एक केस हलला तरी समोरच्याला दिसायचा. सारंगिये-तबलजी तिच्या मागे उभे, वाद्यं कमरेला बांधलेली, ती सरकेल तसे तेही सरकणार. आता हाच ऐवज थिएटरात न्या. पडदा, झालर, पायदिवे, समोर पाचसातशे माणसं. शेवटच्या रांगेतल्याला भुवई दिसत नाही. घूंघटाची गत घ्या. अंगठा आणि पहिलं बोट जवळ येऊन मनगट कपाळासमोरून सावकाश फिरतं, त्याच्या आड डोळे आधी खाली, मग तिरके. भाचीच्या ताई हे करतात तेव्हा दारातून मला काटा येतो. पण तिसाव्या रांगेतून? एक बाई हात फिरवतेय, एवढंच.

मग करायचं काय? मेनकेने ते एकटीचं काम अनेकींत वाटलं. पाच-सहा मुली, बरोबर पुरुष नर्तक, प्रत्येकाची जागा ठरलेली, गतीला मंचभर फिरायला वाट, वादक एका बाजूला बसवलेले, आणि गोष्ट अशी की भाषा न समजणाऱ्यालाही कळावी. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ ही तिची नृत्यनाट्यं. कथकचे तोडे-तुकडे, गतभाव हाताशी धरून अख्खं नृत्यनाट्य रचणाऱ्यांत ती अगदी पहिल्या फळीतली. संगीतालाही तिने पक्की माणसं घेतली. युरोपच्या दौऱ्यात तिच्याबरोबर सरोदिये सखावत हुसेन खाँ होते. भातखंडेबुवांच्या लखनौच्या कॉलेजात शिकवणारे तेच. उदयशंकर तिचे समकालीन, कल्पनेने तिच्याहून मोठे, हे मी मान्य करते. पण त्यांनी स्वतःची एक शैली घडवली. मेनकेचा हट्ट वेगळा होता. आधी घराण्याची तालीम पुरी करायची आणि मग मंच. तुमच्या वर्गात पालक येऊन ‘फ्युजन कधी शिकवणार?’ असं विचारतात तेव्हा तुमच्या मनात जे उत्तर येतं ना, तेच.

१९३६ ते १९३८ तिचा संच युरोपात फिरला. मोजक्या राजधान्या करून परत, असा तो दौरा नव्हता. गावोगाव, शेकडो प्रयोग. आणि इथे मला थोडं सांभाळून बोलायचं आहे, कारण वहीतल्या साडेचार ओळींतली सगळ्यात चकचकीत ओळ हीच होती. ‘बर्लिन येथे पारितोषिक.’

ते बर्लिन कोणतं? जुलै १९३६. ऑलिंपिक तोंडावर आलेलं. त्याला जोडून आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली, तिच्यावर हात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याचा. मेनकेच्या संचाला तिथे तीन पारितोषिकं मिळाली. त्याच स्पर्धेचं बोलावणं अमेरिकेत मार्था ग्रॅहम या आधुनिक नर्तिकेलाही गेलं होतं. तिने कळवलं की जिथे कलावंतांचा छळ चाललाय तिथे मी नाचायला येणार नाही, शिवाय माझ्या संचातल्या अनेक मुली ज्यू आहेत. जर्मनीतल्या आधुनिक नृत्याचा म्होरक्या रुडॉल्फ लाबान या सगळ्या उत्सवाच्या आखणीत होता. ऑलिंपिकसाठी त्याने बसवलेल्या भल्यामोठ्या समूहनृत्याची तालीम गोबेल्सने पाहिली आणि प्रयोगच रद्द केला. पुढे लाबानला देश सोडावा लागला. ‘आर्य’ हा शब्द त्या राजवटीने कशाकशासाठी वापरला हे मी लिहायला नको. तिथल्या प्रेक्षकांनी भारतातून आलेल्या या संचाला डोक्यावर घेतलं, आणि १९३८ साली तिथे बनलेल्या, हिंदुस्थानातल्या महाराजांच्या एका चित्रपटातही या मंडळींचा नाच आहे.

मग मेनका चुकली का? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर मुलींना देऊ नये, प्रश्न द्यावा. ती गुलाम देशातून गेलेली कलावंत होती. साहेबाच्या नजरेत आपलं नृत्य म्हणजे नॉच. जिथे थिएटर उघडलं, भाडं मिळालं, आदराने लिहिलं गेलं तिथे ती गेली. हे एक. आणि त्याच वेळी, त्याच बर्लिनला, दुसरी एक बाई ‘नाही’ म्हणाली, हेही एक. मध्यमाला बसणारी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते. तिला हे दोन्ही पेलतं. शाळेत हिटलर शिकलेली असते ती. ‘पारितोषिक मिळाले’ एवढंच घोकायला लावून आपण तिला उगाच लहान समजतो.

दुसरीही एक अवघड गोष्ट आहे. मेनकेने घरंदाज मुलींसाठी कथकचं दार उघडलं, त्या दारातूनच तुम्ही आलात, मी आले, भाची आली. पण ते उघडताना आधीपासून आत असलेल्या तवायफांना हळूहळू बाहेरचा रस्ता दाखवला गेला. एकट्या मेनकेने नाही, सगळ्या काळाने मिळून. त्यांची ठुमरी आपण ठेवली, त्यांची गत ठेवली, त्यांची नावं वहीत आली नाहीत. लावणीच्या बाबतीत आपण काय केलं ते आठवलं की हे कळायला महाराष्ट्रात तरी वेळ लागू नये.

आता खंडाळा. माझ्या शाळकरी प्रश्नाचं उत्तर. युरोपहून परतल्यावर मेनकेने तिथे ‘नृत्यालयम्’ काढलं. घाटमाथ्याची हवा, आणि मुंबई-पुण्याला धरून असलेली रेल्वे. १९३० पासून तर डेक्कन क्वीनही धावत होती. मुली तिथेच राहणार, शिकणार. आणि एका छपराखाली कथकबरोबर कथकली आणि मणिपुरीचेही गुरू. मणिपुरी शिकवायला बिपिन सिंह होते. पुढे मुंबईच्या झवेरी भगिनींना घडवणारे गुरू बिपिन सिंह, तेच. शिकणाऱ्यांत शिरीन वजीफदार होत्या, नृत्यात उतरलेल्या पहिल्या पारशी मुलींपैकी एक. तिकडे हिमालयात अल्मोड्याला उदयशंकरांचं केंद्र, इकडे सह्याद्रीत हे. अल्मोडा १९४४ साली बंद पडलं. युद्धाच्या धामधुमीत खंडाळ्याचंही फार वर्षं निभलं नाही. अल्मोड्याचं नाव मात्र नृत्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर असतं, आणि आपल्या खंडाळ्याचं नाव काढलं की लोक ते सिनेमातलं गाणं गुणगुणायला लागतात.

१९३९च्या सुमारास तिने ‘मालविकाग्निमित्र’ बसवलं, तिचं शेवटचं मोठं काम. ही निवड मला फार आवडते, आणि इथे मी तुमचा थोडा जास्त वेळ घेणार आहे. कालिदासाच्या या नाटकाच्या पहिल्या दोन अंकांत जे भांडण आहे ते तुमच्या घरचं आहे, ताई. गणदास आणि हरदत्त, राजवाड्यातले दोन नृत्यगुरू. मोठा कोण? तुझी तालीम चांगली की माझी? ठरतं असं की शिष्यांनी करून दाखवायचं, त्यावरून गुरू जोखायचा. परीक्षक कोण? कौशिकी, परिव्राजिका, एक संन्यासिनी. आणि परीक्षेला बसते मालविका, आपल्या विदर्भाची राजकन्या, दासी म्हणून वावरत असलेली. कौशिकी अट काय घालते? शिष्यांनी भरजरी वेषभूषा न करता यावं, म्हणजे अंगाची प्रत्येक हालचाल स्पष्ट दिसेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भाचीच्या गुरुपौर्णिमेच्या पोशाखाचं बिल आठवून एकटीच हसले. टिकल्यांनी इतका जड झालेला घेर की बिचारीला बैठक कुठे गेली ते तिचं तिलाच दिसत नव्हतं.

त्याच नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधारापाशी एक शंका येते. जुने नामवंत नाटककार असताना या नवख्या कालिदासाचं नाटक कशाला? त्यावरचं उत्तर संस्कृत शिकलेल्यांना पाठ असतं : जुनं म्हणून सगळं चांगलं नाही, नवं म्हणून वाईट नाही, जाणता पारखून घेतो. कथक एकटीने करावं की समूहाने, कथकच्या शेजारी कथकली उभं करावं का, यावरून जिला बोल लागले असणार, तिने हेच नाटक उचललं. योगायोग असेल. मला तसं वाटत नाही.

३० मे १९४७ला ती गेली. अठ्ठेचाळीसही पुरी नव्हती. अच्छन महाराज, तिचे गुरू, त्याच मे महिन्यात गेले. त्यांचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, ज्याला पुढे आपण बिरजू महाराज म्हणून ओळखलं. आणि त्याच १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली. पुढे त्याही लच्छू महाराजांकडे शिकल्या. एका वर्षात हे सगळं. तुम्ही थिअरीच्या तासाला फळ्यावर १९४७ लिहून खाली ही तीन नावं मांडलीत तरी अर्धा तास कसा जाईल ते कळणार नाही.

आणि दमयंती जोशी. तिच्यावाचून हे पत्र पुरं होत नाही. मेनकेने आपलं मूल गमावलं होतं. दमयंती मुंबईची, मराठी घरातली. सोखे दांपत्याला ती दत्तक हवी होती. तिच्या आईने साफ नकार दिला. पोटची पोर द्यायची नाही! मग दोन्ही बायांनी एक मार्ग काढला : मुलीला दोघींनी मिळून वाढवायचं. असा करार कुठल्या कोर्टात झाला नसेल, पण निभला. दहा वर्षांच्या आतबाहेरची ती पोर युरोपच्या दौऱ्यात मोठ्यांच्या बरोबरीने नाचली. पुढे शंभू महाराजांकडे शिकली, एकटीच्या बळावर देशात-परदेशात उभी राहिली, साडी नेसून कथक करणं तिने रुळवलं. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मश्री. आणि म्हातारपणी तिने आपल्या मॅडमवर पुस्तक लिहिलं, संगीत नाटक अकादमीनेच ते काढलं. २००४ साली मुंबईत ती गेली. माझ्या वहीत दमयंती जोशींचंही चरित्र होतं, वेगळ्या पानावर, वेगळे पाच मार्क. ही त्या बाईच्या घरात वाढली, ही ओळ दोन्ही पानांवर नव्हती.

तर मागणं काय, तर थोडंच आहे. पुढच्या वेळी परंपरा सांगताना ठाकूरप्रसाद, बिंदादीन, कालकाप्रसाद, अच्छन, लच्छू, शंभू असं म्हणत याल, तेव्हा एका श्वासाची जागा करून मेनका म्हणा. नावं घेताना आपण कानाची पाळी पकडतो तशी हिच्याही नावाला पकडा, म्हणजे पोरी विचारतील, ही कोण? दुपारच्या तीनच्या बॅचला आवर्जून सांगा. बर्लिनबद्दल बोलायची वेळ आली तर सालासकट बोला. आणि वर्षातून एकदा सहल नेताच, ती पावसाळ्यात खंडाळ्याला न्या. भजी होतीलच. दरीच्या कठड्यापाशी उभं राहून पोरींना एवढंच सांगा की याच गावात एकेकाळी सकाळी उठून तुमच्याएवढ्या मुली तत्कार करत होत्या, आणि शेजारच्या खोलीत कुणी कथकलीचे डोळे फिरवत होतं. एखादी तरी विचारेल, “ताई, खंडाळ्यात कशी काय?” तेव्हा लिहून घे म्हणू नका.

राहता राहिलं समूहनृत्याचं निवेदन. ते मी लिहून देते. दीड मिनिटाचं होतं, घड्याळ लावून पाहिलंय. मुलींना कपडे बदलायला तेवढा वेळ लागतोच. मानधन नको. तिसऱ्या रांगेच्या आतली एक खुर्ची द्या, घूंघट दिसायला हवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मध्यमा पूर्ण

ता.क. : ते जीवनचरित्र परीक्षेत खरंच आलं होतं. मला पाचापैकी चार पडले. एक कापला ‘सोखे’च्या जागी ‘सोखी’ लिहिलं म्हणून. वहीत तसंच उतरवून दिलं होतं, ताई. तो एक मार्क तुमच्याकडून अजून येणे आहे.